सत्त्याऐंशीव्या पानावरचं लेबल

कोडोळी राघवन हे माझे सगळ्यांत लाडके लेखक, आणि त्यांची सगळ्यांत गाजलेली कादंबरी मी साठी गाठेपर्यंत वाचलेली नव्हती. ऐकलेली होती. वाचणं आणि ऐकणं यांत काही फरक असतो असं आमच्या विडी कंपनीत तरी कोणी मानत नसे.

सदुसष्ट साल. मी सोळा वर्षांची. कण्णूरच्या उत्तरेला, नदीपासून हाकेच्या अंतरावर कंपनीची लांबलचक खोली होती. तिथं आम्ही साठ-सत्तर जण मांडीवर सूप घेऊन रांगांनी बसायचो. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात सतत कामात आणि कान रिकामे. म्हणून आमच्यातल्याच एकाला वाचायला बसवलेलं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारच्या जेवणानंतर कादंबरी. तो वाचत असेल तेवढा वेळ त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळायचे. प्रत्येकानं मूठभर विड्या त्याच्या सुपात टाकायच्या, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे.

आमचा वाचणारा अनंतन. सगळे त्याला अनंतेट्टन म्हणत, म्हणजे अनंतदादा. तिशीतला, उंच, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज काही मोठा नव्हता, पण तो वाचायला लागला की लोक कात्रीसुद्धा हळू चालवायचे. खोलीचा एक नियम होता. चालू कादंबरी कोणी पुढं वाचायची नाही, आणि आधी वाचली असेल तर तोंड उघडायचं नाही. उघडलं तर दिवसभर अनंतेट्टनच्या वाटच्या विड्या त्यानं एकट्यानं वळायच्या. या नियमाला आम्ही फार हसायचो.

माझी आई कौसू तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसे आणि मी तिच्या शेजारी. त्याच्या दोन वर्षं आधी माझी धाकटी बहीण रमणी नदीत गेली. आठ वर्षांची होती. शाळा पलीकडच्या काठावर. पावसाळ्यात घरी येताना होडी कलंडली. बाकीच्या मुलांना काढलं, रमणी सापडली नाही. प्रेतही नाही. अम्मा महिनाभर रोज दिवेलागणीला घाटावर जायची. आमच्याकडे होडी बोलवायची तर दोन्ही हात तोंडाशी धरून लांबलचक ‘कू’ घालतात, म्हणजे पलीकडे नावाड्याला ऐकू जातं. अम्मा कू घालायची आणि शेवटी रमणीचं नाव जोडायची. मग एक दिवस तिनं घाटावर जाणं थांबवलं आणि बोलणंही जवळजवळ थांबवलं. काम मात्र एक दिवस चुकवलं नाही. मान खाली, नजर सुपात, अनंतेट्टन काय वाचतोय ते तिच्या कानावर पडत होतं की नाही, देव जाणे.

त्या वर्षी अनंतेट्टननं कोडोळी राघवनांची ‘खाजणातलं भात’ वाचायला घेतली. एक जमीनदार, त्याच्या खाऱ्या जमिनीत राबणारी कुळं, त्यांना उठवणारा माधवन, आणि कोरन नावाचा नावाडी. एके दुपारी तो वाचता वाचता मधेच थांबला. चष्म्यावरून त्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, खाकरला, पाणी मागितलं आणि म्हणाला, “आज घसा बसलाय. उद्या बघू.”

घसा काही बसलेला नव्हता. मला ते जाणवलं, पण सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या घशाचा विचार कोण करतं.

दुसऱ्या दिवशी कादंबरीत चिरुता आली.

चिरुता म्हणजे कोरन नावाड्याची धाकटी. पुरात वाहून चालली होती ती केळीच्या खांबाला मिठी मारून वाचली आणि दोन गावं खाली काठाला लागली. पुढचा दात पडलेला, त्या फटीतून शीळ घालायची. बांधावरून चालताना मोठ्यानं पावलं मोजायची, पण पन्नास झाले की परत एकपासून. पुढचे आकडे तिला आवडत नसत. आमच्या रमणीचाही पुढचा दात पडलेला होता, आणि तीही पन्नासाशीच थांबायची. पुष्कळ मुली थांबत असतील, असं मी मनाला सांगितलं. पण शेजारी अम्माचे हात थांबले होते. विडी अर्धी वळलेली, दोरा दातांत, आणि मान वर. दोन वर्षांत प्रथमच ती कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होती.

मग चिरुतेनं आम्हाला वेड लावलं. ती पेजेच्या मडक्यातून संपकऱ्यांच्या चिठ्ठ्या न्यायची. जमीनदाराच्या कारभाऱ्याला तिनं चुकीची वाट दाखवली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतवला. त्या दिवशी खोली हसून हसून लोळली आणि अम्माही हसली. चिरुता मोठी झाली, नर्सचं शिकायला मद्रासला गेली, तिथून बापाला पत्रं लिहायला लागली. रोज दुपारी अम्मा घाईघाईनं पेज पिऊन सगळ्यांच्या आधी जागेवर जाऊन बसायची. “आज काय करते बघू या गं ती,” म्हणायची. संध्याकाळी घरी जाताना माझ्याशी बोलायची, तेही चिरुतेबद्दलच.

एका संध्याकाळी बावीस वर्षांची चिरुता शिकून परत आली. पलीकडच्या काठावर उभी आहे. बाप मेल्याचं तिला माहीत नाही. होडी अलीकडे खुंट्याला बांधलेली आणि वल्हवायला कोणी नाही. ती पेटी खाली ठेवते, दोन्ही हात तोंडाशी नेते आणि कू घालते. तेवढ्यात सुटीची घंटा झाली आणि अनंतेट्टननं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर दाराला कुलूप आणि मालकाचा कागद. आजपासून काम बंद.

कंपनीची पुस्तकं गावच्या वाचनशाळेत गेली. अनंतेट्टन कुडगूला, म्हणजे कूर्गला, कॉफीच्या मळ्यावर निघाला. निघायच्या दिवशी आमच्या अंगणात आला, बसला नाही.

“कौसूएच्ची, उरलेली मी येऊन वाचीन,” तो म्हणाला. एच्ची म्हणजे ताई. “तोवर दुसऱ्या कोणाकडून ऐकू नका.”

“तिला कोणी आणायला जातं का, एवढं तरी सांग,” अम्मा म्हणाली.

“येऊन सांगतो.”

तो गेल्यावर अम्मानं माझ्याकडून शपथ घेतली की मीसुद्धा ते पुस्तक उघडणार नाही. “तू वाचलंस तर तुझ्या तोंडावर मला दिसेल,” म्हणाली. चार वर्षांनी अनंतेट्टन तिकडेच छातीच्या दुखण्यानं गेल्याची बातमी आली. मी विचारलं, “अम्मा, आता मी वाचून दाखवू?”

“नको. काठावर उभी आहे तोवर बुडालेली तर नाही ना?”

मी पुन्हा विचारलं नाही.

माझं लग्न झालं आणि मोडलं, ती वेगळी रड आहे. मी अम्माकडे परत आले. आधी घरी विड्या वळल्या आणि पुढं वाचनशाळेची पुस्तकं बायकांना घरपोच द्यायचं काम मिळालं. कोडोळी राघवनांचं जे हाती पडेल ते मी वाचलं. कथा, आठवणी, प्रवास, सगळं. चिरुता लिहिणाऱ्या माणसानं वाण्याची यादी लिहिली असती तरी मी वाचली असती, आणि त्यांच्या कथा खरंच सुंदर होत्या, अजून आहेत. फक्त ‘खाजणातलं भात’ मी पिशवीतून शंभर घरी पोचवली आणि एकदाही उघडली नाही. बायका परत देताना माधवनचं कौतुक करायच्या, जमीनदाराला शिव्या घालायच्या. चिरुतेचं नाव कोणी काढत नसे. काय दगडाच्या काळजाच्या बायका आहेत, असं मला वाटायचं.

ऐंशी साली मी राघवनांना पत्र टाकलं. लिहिलं की शेवट सांगू नका, पण चिरुतेवर वेगळी कादंबरी का लिहीत नाही? पंधरा दिवसांनी कार्ड आलं. “भगिनी, पत्र पोचलं. माझ्या कादंबरीत चिरुता नावाचं कोणी नाही. आपण दुसऱ्या कोणाचं पुस्तक वाचलं असावं.” मला हसू आलं. एवढी पात्रं लिहिली, एखादं विसरले असतील. कार्ड मी तांदळाच्या डब्यामागं सारलं आणि अम्माला दाखवलं नाही. खरं तर पुस्तक त्याच दिवशी उघडायला हवं होतं. शपथ होती म्हणून उघडलं नाही असं मी म्हणत आले. भीती वाटली, हे आज कबूल करते.

कारण तोवर चिरुता आमच्या घरातच राहायला आली होती. नदीवर पूल झाला, होडी बंद पडली, घाटावर झुडपं वाढली. तरी दिवेलागण झाली की अम्मा हातातलं काम टाकून मान वळवायची.

“ऐकलंस?”

“काय?”

“कू घालतेय.”

“कोणी नाही, अम्मा. पुलावरून बस गेली.”

“बस कू घालते का गं?”

वर्षं गेली तशी तिच्या बोलण्यातली चिरुताही बदलत गेली. “आता तिचे गुडघे दुखत असतील, उभी राहून राहून,” अम्मा म्हणायची. एकदा म्हणाली, “केस पिकले असतील तिचे.” मी वैतागून म्हटलं, “अम्मा, ती बावीस वर्षांची आहे.” ती म्हणाली, “तेव्हा होती.” त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. मेलेलं मूल आईच्या मनात आहे त्या वयाचं राहतं असं ऐकलं होतं. आमच्याकडचं मूल म्हातारं होत चाललं होतं.

आणि मला राग यायचा. तिला न्हाऊ घालणारी मी, पेज भरवणारी मी, औषधं आणणारी मी. जेवताना मी काहीतरी सांगत असायचे, आणि मधेच तिचा चेहरा नदीकडे फिरायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असलं काही मनात धरू नये. मी धरलं होतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी अम्माला घरी पाठवलं. आता तिला हवं ते खायला घाला, म्हणाले. तिला भूकच नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं.

“पुस्तक आण.”

“कुठलं?” मी विचारलं, कळून न कळल्यासारखं.

“मी गेल्यावर तिची हाक कोण ऐकणार? तुला तर ऐकू येत नाही. मी आहे तोवर तिला अलीकडे आणायला हवं. शेवट वाच मला.”

“आणि शेवट वाईट असला तर?”

“असू दे. पण अशी अर्धवट टाकून मी जाणार नाही.”

वाचनशाळेचा सचिव पवित्रन माझ्याहून वीस वर्षांनी लहान. राघवनांच्या स्मृतिदिनाचे कागद पसरून बसला होता. मी पुस्तक मागितलं तर हसायलाच लागला.

“काय सांगता, सौमिनीएच्ची? तुम्ही ‘खाजणातलं भात’ वाचली नाहीत? सगळ्या गावाला राघवन तुम्ही शिकवलेत.”

“ऐकलीय. तुझ्या जन्माआधी. एक सांग, चिरुता तुला कशी वाटली?”

“कोण चिरुता?”

“कोरनची धाकटी.”

“कोरनला मुलगी आहे का?” त्यानं डोकं खाजवलं. “नसेल हो लक्षात. खरं सांगू का, कोणाला बोलू नका. पहिल्या शंभर पानांनंतर फार रेंगाळते ती. स्मृतिदिनाला असं म्हणता येत नाही, एवढंच.”

मी त्याला मूर्ख म्हटलं आणि कंपनीच्या शिक्क्याची जुनी प्रत मागून घेतली. पिशवीत घालताना तिला अजून तंबाखूचा वास होता.

दोन दिवस मी स्वयंपाकघरात बसून ती वाचली. मनाशी ठरवलं होतं की आधी आपण वाचायची आणि मग अम्माला. आणि काय सांगू, पवित्रन मूर्ख नव्हता. ज्या पुस्तकासाठी मी चाळीस वर्षं जीव राखून ठेवला होता ते हे असं? माधवननं तोंड उघडलं की दोन पानं भाषण. कुळं सगळी एकसारखी गरीब आणि एकसारखी भली. आमच्या खोलीत ज्या नदीचा वास यायचा ती इथं नुसती ‘संथपणे वाहत होती’, तीही प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला. कथांमध्ये एका ओळीत माणूस उभा करणारे हेच का राघवन? एखाद्याच्या घरी मोठ्या आशेनं जावं आणि त्यानं ओळख दाखवू नये, तसं मला वाटलं. कारभाऱ्याला चिखलात रुतवलेलं पान मी शोधलं. नव्हतं. पेजेचं मडकं नव्हतं. मद्रास नव्हतं.

समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा मात्र होत्या. दर दोन-तीन पानांवर एक फुली आणि पुढं ‘चि’. त्या खुणा दोनशे तीनाव्या पानापर्यंत जात होत्या आणि तिथं थांबत होत्या. मागं मागं येत मी पहिली खूण शोधली. ती सत्त्याऐंशीव्या पानावर होती, आणि त्या पानाच्या मधोमध विडीच्या कट्ट्याचं लेबल चिकटवलेलं होतं. आमच्याच कंपनीचं, लाल, मधे समईचं चित्र. कोणीतरी आळशीपणानं चिकटवलं असेल असं वाटावं, पण ते अगदी सरळ लावलेलं होतं, ओळीला ओळ धरून.

पेजेचं भांडं चुलीवर होतं. मी पान वाफेवर धरलं. कप्प्याच्या, म्हणजे साबुकंदाच्या, पिठाची खळ, चव्वेचाळीस वर्षं जुनी, तरी हळूहळू सुटली. खाली चार ओळी होत्या.

‘त्या पुरात कोरन नावाड्याची धाकटी मुलगी वाहून गेली. गरिबांच्या पोरींना नदी अशीच नेते, माधवन मनाशी म्हणाला, आणि त्याचा निश्चय अधिकच दृढ झाला.’

एवढंच. नावसुद्धा नाही. पुढच्या दोनशे पानांत तिचा उल्लेख नाही. माधवनचा निश्चय दृढ व्हायला एक पोर लागली, ती लेखकानं बुडवली आणि तो पुढं निघाला. अनंतेट्टनचा घसा त्या दिवशी का बसला ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्या रांगेत अम्मा बसलेली असताना या चार ओळी त्याच्या तोंडून निघाल्या नाहीत. रात्रीतून त्यानं मुलीला नाव दिलं, रमणीचा दात दिला, रमणीचे पन्नास आकडे दिले आणि केळीच्या खांबाला धरून काठाला लावली. रमणी शाळा सुटल्यावर कंपनीच्या दारात येऊन बसायची, त्यानं तिला मोजताना ऐकलं असणार. आणि कादंबरी आधी साप्ताहिकात येऊन गेलेली होती, म्हणजे खोलीतल्या चार-पाच जणांनी तरी ती वाचलेली असणारच. त्यांनी चकार शब्द काढला नाही. नियमच होता तसा.

पण शेवट कुठं होता? शेवट अनंतेट्टनच्या डोक्यात होता, आणि तो कुडगूच्या मातीत गेला.

“सौमिनी,” आतून अम्मा म्हणाली, “ऐकलंस?”

मी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिची खाट खिडकीशी ओढली, चष्मा लावला आणि दोनशे तीनावं पान उघडलं. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. खरं बोलायचंही ठरवलं नव्हतं. जे छापलं होतं ते वाचायला लागले.

“हे कोण बोलतंय?” थोड्या वेळानं अम्मानं विचारलं.

“माधवन.”

“त्याला म्हण गप बस जरा. ती कुठं आहे?”

मी पानाकडे बघत राहिले. मग डोळे पानावरच ठेवून बोलायला लागले. म्हटलं, चिरुता काठावर उभी होती. तिनं कू घातली. अलीकडे होडी खुंट्याला होती. कोणी आलं नाही. तिनं परत कू घातली. याच्या पुढं मला काही सुचेना. अनंतेट्टनला कसं सुचायचं, साठ माणसांसमोर, रोज?

“पान उलट,” अम्मा म्हणाली.

मी उलटलं.

“मग कोरनच्या थोरल्या मुलीनं ती कू ऐकली,” मी म्हटलं. हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही.

अम्मानं डोळे उघडले. “त्याला थोरली होती?”

“होती.”

“अनंतन कधी बोलला नाही.”

“तो धाकटीचंच वाचायचा. थोरली घरातच होती. विड्या वळत.”

खिडकीबाहेर माडाची झावळी घासत होती, तेवढाच आवाज.

“मग इतकी वर्षं ती का गेली नाही?”

“ऐकूच येत नाही असं म्हणायची.”

“यायचं का?”

“राग होता तिच्या मनात,” मी म्हटलं. अक्षरं मला दिसत नव्हती. “आई सगळा वेळ नदीकडे कान लावून बसायची, म्हणून. शेजारी कोण बसलंय ते तिला दिसायचं नाही, म्हणून.”

“असं लिहिलंय?”

“असंच लिहिलंय.”

अम्माचा हात पांघरुणातून बाहेर आला. चाचपडत पुस्तकापर्यंत आला आणि माझ्या मनगटावर थांबला. बोटांवर अजून दोऱ्याचे वण होते.

“मग त्या आईचं चुकलंच की गं,” ती म्हणाली.

मला रडू आलं, आणि मी ते दाबलं नाही. अम्मानं वाट पाहिली. मग म्हणाली, “वाच पुढं. आणली का तिला?”

मी वाचलं. थोरलीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. होडी कधी वल्हवली नव्हती, तरी खुंट्याचा दोर सोडला. पाणी खूप होतं. होडी दोनदा गरगरली. तिनं पावलं मोजावीत तसे वल्ह्याचे फटके मोजले, आणि पन्नास झाले की परत एकपासून. पलीकडे धाकटी पेटीवर बसली होती.

“कशी दिसते?” अम्मानं विचारलं.

“केस पिकलेत.”

“म्हटलं नव्हतं मी?”

“ती होडीत चढली आणि म्हणाली, उशीर केलास, एच्ची.”

“म्हणणारच,” अम्मा म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. “थोरली काय म्हणाली?”

“म्हणाली, हो. केला.”

मी तिला अलीकडे आणलं. घाटाच्या पायऱ्या चढवल्या. घरात दिवा लागला होता आणि पेज गरम होती. याहून जास्त मला जमलं नाही. मी पुस्तक मिटलं. माझ्या मनगटावरचा हात अम्मानं काढला नव्हता.

“चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली. “मोठा लेखक. उगाच नाही लोक नाव घेत.”

तिला खरंच तसं वाटलं, की माझं मन राखायला म्हणाली, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर चार दिवस ती होती. दिवेलागणीला तिनं एकदाही मान वळवली नाही. जागी असली की माझ्याकडे बघत असायची. चौथ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा संपलेलं होतं.

तेराव्यानंतर मी कप्प्याच्या पिठाची खळ केली आणि लेबल त्या चार ओळींवर होतं तसं परत चिकटवलं. ओळीला ओळ धरून. मग पुस्तक परत करायला गेले.

“वाचलीत एकदाची? कशी वाटली?” पवित्रननं विचारलं. “स्मृतिदिनाला दोन शब्द बोलाल ना? तुमच्याइतकं राघवनांवर प्रेम कोणाचं आहे?”

“त्यांच्या कथांवर बोलेन,” मी म्हटलं. “आणि ही प्रत कपाटात आतल्या बाजूला ठेव. एका पानाला डाग आहे.”

मला वाटलं होतं, आता घर शांत होईल. चिरुता अलीकडे आली, अम्मा पलीकडे गेली, हाक मारायला काठावर कोणी उरलं नाही. पहिले काही दिवस शांतच होतं. मग एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, आणि माझी मान आपोआप नदीकडे वळली. बस नव्हती. बाईचा आवाज होता, थकलेला, लांबलेला, दोन्ही हात तोंडाशी धरून घातलेली कू. तेव्हापासून रोज येते. मी सूप खाली ठेवते, दारापर्यंत जाते आणि ऐकते. तिच्या शेवटी नाव जोडलेलं असतं. रमणीचं नाही, माझं.